अमेरिकेत लायसन्सधारक समुपदेशक व्हायचंय? मला सारखे विचारले जाणारे प्रश्न

नोव्हेंबर उजाडला की माझ्या फोनवर अनोळखी नंबरांवरून मेसेज यायला लागतात. ‘ताई, तुमचा नंबर अमुक मावशींनी दिला.’ बऱ्याच विद्यापीठांच्या अर्जांच्या मुदती डिसेंबर-जानेवारीत असतात, त्यामुळे ही वेळ ठरलेलीच. मी मूळची नाशिकची. पुण्यात सायकॉलॉजीत एमए केलं, मग न्यूयॉर्कला येऊन पुन्हा मास्टर्स केलं आणि आता क्वीन्समधल्या एका क्लिनिकमध्ये काम करते. तीच तीच उत्तरं टाइप करून कंटाळले, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवते आहे. उदाहरणं बहुतेक न्यूयॉर्क राज्याची आहेत, कारण तिथल्या नियमांशी मी स्वतः झटापट केली आहे. अर्ज भरण्याआधी राज्याच्या संकेतस्थळावर आकडे ताडून घ्या, नियम बदलत असतात.

एलएमएचसी म्हणजे सायकॉलॉजिस्टच ना?

नाही. एलएमएचसी म्हणजे लायसन्स्ड मेंटल हेल्थ काउन्सेलर. यासाठी मास्टर्स लागतं, पीएचडी लागत नाही. अमेरिकेत ‘सायकॉलॉजिस्ट’ ही पदवीनंतर पाच-सहा वर्षांची डॉक्टरेट आणि वेगळं लायसन्स असलेली व्यक्ती. औषध लिहून देणारा तो सायकियाट्रिस्ट, म्हणजे डॉक्टर. सोशल वर्कमधून येणारे एलसीएसडब्ल्यू हेही थेरपी करतात आणि क्लिनिकमध्ये आमच्या शेजारच्याच खोलीत बसून जवळपास तेच काम करतात.

घरच्यांना समजावताना मी एवढंच सांगते: मी बोलून उपचार करते, गोळ्या देत नाही. तरी माझे एक काका लग्नाकार्यात भेटले की झोपेची गोळी विचारतातच.

न्यूयॉर्कच्या कायद्यात एक बारकावा आहे. स्किझोफ्रेनिया, बायपोलर, मेजर डिप्रेशन, ओसीडी अशा काही आजारांत डॉक्टरांकडून तपासणी आणि डॉक्टरांशी सल्लामसलत झाल्याशिवाय आम्ही सलग उपचार करत राहू शकत नाही. शिवाय २०२२ च्या कायद्याने निदान करण्यासाठी ‘डायग्नोसिस प्रिव्हिलेज’ नावाची वेगळी मुभा आणली. तिच्यासाठी मास्टर्समध्ये क्लिनिकल विषयांची पुरेशी क्रेडिट्स (अभ्यासक्रम मोजायचं इथलं एकक) असावी लागतात. म्हणून प्रवेश घेण्यापूर्वी विद्यापीठाला ईमेलवर सरळ विचारा, ‘तुमच्या अभ्यासक्रमातून ही मुभा मिळते का?’ उत्तर गोलमोल आलं तर त्यातच समजून घ्या.

हे लायसन्स सगळ्या अमेरिकेत चालतं का?

इथेच बहुतेकांची गल्लत होते. लायसन्स राज्य देतं, देश नाही. नावसुद्धा राज्यागणिक बदलतं. न्यूयॉर्क, फ्लोरिडा, मॅसॅच्युसेट्स, वॉशिंग्टन इथे एलएमएचसी, टेक्सास आणि पेनसिल्व्हेनियात एलपीसी, कॅलिफोर्नियात एलपीसीसी, इलिनॉयमध्ये एलसीपीसी. व्हर्जिनियाने १९७६ साली पहिल्यांदा समुपदेशकांना लायसन्स दिलं आणि सर्वांत शेवटी आलं कॅलिफोर्निया, २००९ च्या कायद्याने. न्यूयॉर्कमध्ये हे लायसन्स २००५ पासून मिळतं. म्हणजे हा व्यवसाय कागदोपत्री तसा तरुणच आहे.

पदवीनंतर किती तास काम दाखवायचं हेही प्रत्येक राज्य आपापलं ठरवतं. न्यूयॉर्कला ३,००० तास, मॅसॅच्युसेट्सला ३,३६०. न्यू जर्सीत आधी एलएसी हे पहिल्या पायरीचं लायसन्स काढायचं, मग ४,५०० तास भरून एलपीसी. जी मंडळी न्यू जर्सीतल्या एडिसनला मावशीकडे राहून मॅनहॅटनमध्ये शिकायचं म्हणतात, त्यांनी पुढे नोकरी हडसन नदीच्या कुठल्या काठावर करणार ते आधी ठरवावं. रेल्वेने चाळीस-पन्नास मिनिटांचं अंतर आहे, पण लायसन्सच्या दृष्टीने दोन वेगळे देश समजा.

‘काउन्सेलिंग कॉम्पॅक्ट’ नावाचा राज्याराज्यांतला करार आहे आणि तीसहून अधिक राज्यांनी त्याचा कायदा केला आहे. त्यातून एका राज्याच्या लायसन्सवर दुसऱ्या राज्यात काम करण्याची सोय होते. पण ती सोय पूर्ण लायसन्स हातात असलेल्यांसाठी आहे, शिकणाऱ्यांसाठी नाही.

माझं भारतात एमए झालंय, तेही डिस्टिंक्शनमध्ये. परत मास्टर्स कशाला?

हा प्रश्न मीही चिडून विचारला होता. न्यूयॉर्कला ६० क्रेडिटचं मास्टर्स हवं, त्यात ठरावीक विषय हवेत आणि देखरेखीखालची किमान ६०० तासांची इंटर्नशिप हवी. आपल्याकडच्या दोन वर्षांच्या एमएत थिअरी भरपूर, पेपर भरपूर, पण समोर खरा माणूस बसवून आठवड्याला ठरावीक तास काम आणि त्यावर दर आठवड्याला सुपरव्हिजन (अनुभवी थेरपिस्टबरोबर त्या कामाची चर्चा), हे बहुतेक ठिकाणी त्या प्रमाणात नसतं. माझ्या एमएच्या ‘प्रॅक्टिकल’मध्ये आम्ही एकमेकींवरच चाचण्या केल्या होत्या. माझी मैत्रीण माझी बुद्धिमत्ता मोजत होती आणि मी तिची.

काही विद्यापीठं जुन्या एमएतली थोडी क्रेडिट्स मान्य करतात. किती, ते आधी लेखी घ्या. फार आशा ठेवू नका.

माझं बीए तीन वर्षांचं आहे, चालेल?

विद्यापीठावर अवलंबून. काही ठिकाणी चार वर्षांची पदवी लागते, काही ठिकाणी तीन वर्षांचं बीए आणि वर एमए मिळून चालतं. गुणपत्रिकांचं मूल्यमापन बाहेरच्या संस्थेकडून करून घ्यावं लागतं. त्यासाठी आपल्या विद्यापीठातून सीलबंद ट्रान्स्क्रिप्ट काढायला किती चकरा माराव्या लागतात ते तुम्हाला माहीतच आहे, तेव्हा जूनपासूनच लागा. जीआरई ही प्रवेशपरीक्षा अनेक ठिकाणी आता लागत नाही. टोफेल किंवा आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा लागते. बीए दुसऱ्या विषयात असलं तरी बऱ्याच ठिकाणी सायकॉलॉजीचे दोन-चार कोर्स आधी पूर्ण केले की प्रवेश मिळतो. माझ्या वर्गात एक माजी बँक कर्मचारी होता आणि एक नर्तकी.

‘केक्रेप’ची मान्यता असलेलाच अभ्यासक्रम घ्यावा का?

केक्रेप ही समुपदेशनाच्या अभ्यासक्रमांना मान्यता देणारी संस्था आहे, १९८१ पासूनची. न्यूयॉर्कमध्ये राज्याने स्वतः नोंदवलेला अभ्यासक्रम पुरतो, त्यामुळे इथली काही नामांकित विद्यापीठंही त्या मान्यतेशिवाय चालतात. पण पुढे नक्की कुठे राहणार याचा ठिकाणा नसेल, आणि व्हिसावर आलेल्यांचा तो नसतोच, तर केक्रेप घ्या. दुसऱ्या राज्यात अर्ज करताना प्रत्येक कोर्सचा सिलॅबस जोडून ‘हा विषय आम्ही शिकलो’ हे सिद्ध करण्याची कटकट बरीच वाचते.

वर्गात शिकवतात तरी काय?

समुपदेशनाच्या पद्धती, मानवी विकास, गटातलं काम, करिअर समुपदेशन, मूल्यमापन आणि निदान, संशोधन, सामाजिक-सांस्कृतिक ओळख, व्यवसायाची नीती. यादी कुठल्याही विद्यापीठाच्या पानावर मिळेल. त्या यादीतून न कळणाऱ्या दोन गोष्टी सांगते.

पहिली, नीतीच्या वर्गातली. गुप्तता कधी मोडायची हे शिकवताना अमेरिकेत हमखास ‘टॅरासॉफ’ खटला येतो. १९६९ मध्ये बर्कलेत शिकणाऱ्या एका विद्यार्थ्याने विद्यापीठाच्या मानसोपचार केंद्रात सांगितलं की मी एका मुलीला मारणार आहे. कॅम्पस पोलिसांनी त्याला थोडा वेळ ताब्यात घेऊन सोडलं. मुलीला किंवा तिच्या घरच्यांना कोणी सावध केलं नाही आणि त्याने तिचा खून केला. १९७६ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की धोक्यात असलेल्या व्यक्तीच्या संरक्षणासाठी वाजवी पावलं उचलणं हे थेरपिस्टचं कर्तव्य आहे. तो विद्यार्थी भारतातून आलेला होता. अख्ख्या वर्गात एकटी भारतीय मीच होते, त्यामुळे त्या तासाला सगळ्यांनी माझ्याकडे न बघण्याचा जो आटोकाट प्रयत्न केला, तो मी विसरणार नाही. परदेशी शिकायला आलेल्या मुलाचं एकटेपण, नकार न पचणं, भाषेतली गफलत, यावर त्या दिवशी कोणी बोललं नाही. पुढच्या आठवड्यात मीच हात वर केला.

दुसरी गोष्ट म्हणजे स्वतःचं रेकॉर्डिंग. पहिल्याच सत्रात वर्गमित्राला क्लायंट करून मुलाखत घ्यायची, ती रेकॉर्ड करायची आणि दहा मिनिटांचा शब्दन्शब्द उतरवून काढायचा. माझ्या पहिल्या टेपमध्ये चौथ्या मिनिटाला मी म्हणाले, ‘मग तू असं का नाही करत?’ प्राध्यापिकेने टेप तिथेच थांबवली. ‘तिने सल्ला मागितला होता का?’ आपल्याकडे सल्ला ही प्रेम दाखवायची रीत आहे. काकू, मावशी, वॉचमन, रिक्षावाले, सगळे देतात. ती सवय जिभेवरून उतरायला मला वर्ष गेलं. गप्प बसणं शिकायला त्याहून जास्त.

प्रॅक्टिकम आणि इंटर्नशिप, फरक काय?

प्रॅक्टिकम म्हणजे पाण्यात पाय बुडवणं. केक्रेपच्या निकषांनुसार १०० तास, त्यातले ४० तास प्रत्यक्ष क्लायंटबरोबर. इंटर्नशिप ६०० तासांची, त्यातले २४० प्रत्यक्ष. बाकीच्या तासांत नोट्स लिहिणं, केस कॉन्फरन्स, फोन, ट्रेनिंग, सुपरव्हिजन.

‘६०० तास म्हणजे काय, पंधरा आठवड्यांत उरकेल,’ असं एका मुलीने मला लिहिलं होतं. हिशोब कागदावर बरोबर आहे, पण प्रत्यक्ष तास तसे पडत नाहीत. तुम्हाला सुरुवातीला तीन क्लायंट मिळतात. त्यातला एक येतच नाही, एक दोनदा येऊन बंद होतो, तिसऱ्याचा विमा बदलतो. न्यूयॉर्कमध्ये बर्फ पडला की अर्धा दिवस गेला. क्लायंट आला नाही तर तो तास ‘प्रत्यक्ष’ मध्ये धरत नाहीत. मी आठवड्याला तीन दिवस साइटवर, म्हणजे इंटर्नशिपच्या जागी, बसायचे आणि पहिल्या दोन महिन्यांत माझे प्रत्यक्ष तास होते जेमतेम बावीस. मार्चनंतर मात्र एकदम गर्दी झाली आणि मे महिन्यात मी जेवणाच्या सुट्टीत नोट्स लिहीत होते.

बहुतेक ठिकाणी याचे पैसे मिळत नाहीत, आणि हे अर्ज करताना कोणी ठळक अक्षरांत सांगत नाही. दोन दिवस वर्ग, तीन दिवस बिनपगारी काम, रात्री असाइनमेंट. कॅम्पसवर नोकरी करून खर्च भागवण्याचा बेत दुसऱ्या वर्षी कोलमडतो.

साइट विद्यापीठ शोधून देतं का?

काही देतात, काही फक्त यादी हातात ठेवतात. मला यादी मिळाली होती. सतरा ईमेल, पाच उत्तरं, तीन मुलाखती, एक जागा.

त्या जागेचं नाव घेत नाही, पण जे झालं ते सांगते. माझी सुपरव्हायझर डिसेंबरमध्ये अचानक नोकरी सोडून गेली. तोवरच्या तासांच्या फॉर्मवर तिच्या सह्या नव्हत्या, कारण ‘सत्राच्या शेवटी सगळ्यांवर एकदम करू’ असं ठरलं होतं. नव्या बाईंनी जुन्या तासांवर सही करायला नकार दिला आणि त्यांचं बरोबरच होतं, त्यांनी ते काम पाहिलंच नव्हतं. जुन्या सुपरव्हायझरला शोधून काढून सह्या मिळवेपर्यंत फेब्रुवारी संपला. तेव्हापासून माझा नियम आहे: दर शुक्रवारी सही. समोरचा कंटाळला तरी चालेल.

मुलाखतीत तुम्हीही प्रश्न विचारा. माझी सुपरव्हायझर कोण, तिचं लायसन्स कोणतं, आठवड्याला किती वेळ देणार, सेशनचं रेकॉर्डिंग करू देता का, क्लायंट नेमकी कोणत्या वयाची मंडळी आहेत? ‘ते नंतर बघू’ म्हणणारी जागा सोडलेली बरी.

पदवी मिळाली की लगेच काम करता येतं?

न्यूयॉर्कमध्ये आधी ‘लिमिटेड परमिट’ काढावं लागतं. त्या परमिटवर तुमची काम करण्याची जागा आणि सुपरव्हायझर ठरलेले असतात. नोकरी बदलली की परमिटही नव्याने. ते दोन वर्षांचं असतं आणि मुदत वाढवून मिळू शकते. या काळात स्वतःची प्रॅक्टिस थाटता येत नाही.

परमिटवर ३,००० तास भरायचे, त्यातले निदान १,५०० प्रत्यक्ष क्लायंटबरोबर. आठवड्याला अठरा लोक खरोखर आले, वर्षाचे अठ्ठेचाळीस आठवडे धरले, तर वर्षाला ८६४ होतात. म्हणजे पावणेदोन वर्षं, तीही सगळं सुरळीत चाललं तर. प्रवेश घेताना लोक ‘दोन वर्षांचा कोर्स’ म्हणतात. मी घरी सांगितलं होतं दोन वर्षं, लायसन्स हातात पडलं पाचव्या वर्षी.

व्हिसाचं काय? सगळ्यात मोठा प्रश्न हाच आहे.

हो, आणि याचं उत्तर ऐकून अर्धे लोक पुन्हा मेसेज करत नाहीत.

एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर शिकताना इंटर्नशिपसाठी सीपीटीची, म्हणजे अभ्यासक्रमाचा भाग म्हणून काम करण्याची, परवानगी विद्यापीठातून मिळते. पूर्णवेळ सीपीटी बारा महिने झाली की पदवीनंतर काम करण्याची मुभा, म्हणजे ओपीटी, हातातून जाते, तेव्हा तिथे जपून. पदवीनंतर ओपीटी बारा महिन्यांची. सॉफ्टवेअरवाल्या तुमच्या चुलतभावाला आणखी चोवीस महिने मिळाले कारण त्याचा विषय ‘स्टेम’ (विज्ञान, तंत्रज्ञान, गणित वगैरे) यादीत होता. मेंटल हेल्थ काउन्सेलिंग त्या यादीत नाही.

आता वरचा हिशोब पुन्हा बघा. लागतात पावणेदोन वर्षं, मिळतात बारा महिने. आणि हे बारा महिनेही पूर्ण हाताला लागत नाहीत, कारण ओपीटीत एकूण नव्वद दिवसांपेक्षा जास्त बेरोजगार राहता येत नाही, पण न्यूयॉर्कमध्ये परमिट आल्याशिवाय थेरपीचं काम सुरू करता येत नाही. पदवीचा दाखला राज्याकडे पोचायला वेळ, परमिट निघायला वेळ, आणि तिकडे दिवस मोजणं चालूच. माझे एकाहत्तर दिवस गेले होते. त्या काळात एका संस्थेत केस मॅनेजरचं, म्हणजे थेरपी नसलेलं काम मिळालं म्हणून निभावलं. रेशन कार्डासारखे फॉर्म भरून देणं, घराच्या अर्जांसाठी रांगा लावणं. पण हे कामही तुमच्या पदवीशी जोडलेलं असावं लागतं, ते विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयात आधी विचारून घ्या.

पुढचा रस्ता एच-१बी, म्हणजे नोकरी देणाऱ्याने अर्ज करून काढायचा कामाचा व्हिसा. लॉटरीत नाव लागेल न लागेल. विद्यापीठं, त्यांच्याशी संलग्न ना-नफा संस्था, म्हणजे काही रुग्णालयंसुद्धा, लॉटरीबाहेर अर्ज करू शकतात. म्हणून साइट निवडतानाच विचार करा की ही जागा पुढे मला ठेवून घेऊ शकेल का. छोटं खासगी क्लिनिक कितीही गोड असलं तरी वकिलाचा खर्च करून व्हिसा काढणारं नसतं. हे मला पहिल्या वर्षी कोणी सांगितलं असतं तर मी साइट वेगळी निवडली असती.

मी एच-४ वर आहे. वय ४३, दोन मुलं. आता शिकू शकते का, की उशीर झाला?

वयाचा मुद्दा सोडा. या क्षेत्रात चाळिशीतले विद्यार्थी भरपूर असतात. एच-४ वर, म्हणजे एच-१बीवाल्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर, शिकता येतं, अडचण इंटर्नशिपला येते. सीपीटी एफ-१ वाल्यांसाठी असते. एच-४ वर काम करायला ईएडी हे कामाचं परवानापत्र लागतं, आणि ते २०१५ पासून काहींनाच मिळतं, मुख्यतः ज्यांच्या नवऱ्याचा किंवा बायकोचा आय-१४० (ग्रीन कार्डाच्या वाटेवरचा अर्ज) मंजूर आहे त्यांना. बिनपगारी इंटर्नशिपलाही ईएडी लागतं का, यावर विद्यापीठं वेगवेगळं सांगतात. आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात लेखी विचारा आणि पहिल्या सत्राची फी भरण्याआधी विचारा. माझ्या ओळखीतल्या एकीने ३६ क्रेडिट्स संपवल्यावर विचारलं. तिला एफ-१ वर जावं लागलं आणि एक सत्र बुडालं.

परीक्षा कशी असते?

न्यूयॉर्कमध्ये एनसीएमएचसीई. ती राष्ट्रीय मंडळ घेतं, एनबीसीसी. २०२२ च्या अखेरीपासून स्वरूप बदललंय: अकरा केसेस, प्रत्येकीवर प्रश्नांचा संच, वेळ २२५ मिनिटं. पाठांतराचा फारसा उपयोग नाही. ‘आता, या क्षणी, सगळ्यात आधी काय कराल?’ असे प्रश्न. जवळपास सगळे पर्याय बरोबर वाटतात. आपल्याकडच्या गाइड वाचून पास होण्याच्या सवयीला ही परीक्षा दाद देत नाही. पण तास मन लावून केले असतील तर भीती नको. काही राज्यांत एनसीई ही दुसरी, वस्तुनिष्ठ २०० प्रश्नांची परीक्षा चालते. टेक्सासमध्ये शिवाय तिथल्या कायद्यावरची छोटी परीक्षा आहे.

खर्च निघतो का?

न्यूयॉर्क शहराच्या सार्वजनिक विद्यापीठात, म्हणजे क्यूनीत, बाहेरच्या विद्यार्थ्यांना क्रेडिटमागे साधारण ८५५ डॉलर पडतात. साठ क्रेडिट्सचे झाले एक्कावन्न हजारांच्या वर. मॅनहॅटनमधल्या मोठ्या खासगी विद्यापीठांत क्रेडिट दोन हजार डॉलरच्या आसपास, शिवाय खोलीचं भाडं.

उलट बाजूला, मानसिक आरोग्य आणि व्यसनमुक्ती समुपदेशकांचं देशभरातलं मध्यम वार्षिक वेतन मे २०२३ मध्ये ५३,७१० डॉलर होतं, असं सरकारी आकडेवारी सांगते. न्यूयॉर्कमध्ये थोडं जास्त मिळतं आणि भाडं ते खाऊन टाकतं. जमीन गहाण ठेवून, एक कोटीचं कर्ज काढून नावाजलेल्या विद्यापीठात यायचं असेल तर माझं मत विचारू नका, कारण मी नको म्हणेन. लायसन्स देणारी खिडकी विद्यापीठाच्या नावाकडे बघत नाही. ती क्रेडिट्स आणि तास बघते.

एक चांगली गोष्ट. १ जानेवारी २०२४ पासून समुपदेशकांना मेडिकेअरकडून, म्हणजे ज्येष्ठांच्या सरकारी विम्याकडून, पैसे घेता येतात. त्याआधी पासष्टीपुढचे क्लायंट हातातून जायचे. दर मात्र सायकॉलॉजिस्टच्या पंचाहत्तर टक्केच.

माझं इंग्रजी चांगलं आहे, पण थेरपी करण्याइतकं आहे का?

इंग्रजी जमतं. अवघड जातं ते इथल्या लोकांचं अर्धवट वाक्य पकडणं. ‘आय ॲम फाइन’ चे किती अर्थ होतात हे पहिल्या हिवाळ्यात कळलं.

मराठीचा उपयोग होईल असं मला वाटलं नव्हतं. मग एक आजी आल्या, मुलाकडे राहायला आलेल्या. (तपशील बदलले आहेत.) आधीच्या ठिकाणी दुभाष्या हिंदी बोलणारा होता. त्या म्हणायच्या ‘कसंतरीच होतंय’ आणि तो इंग्रजीत सांगायचा की यांना बरं वाटत नाही. पोटाच्या तपासण्या झाल्या, हृदयाच्या झाल्या. माझ्याकडे त्या तिसऱ्या भेटीत म्हणाल्या, ‘अगं, इथे दुपारी खिडकीत बसलं की रस्त्यावर माणूसच दिसत नाही. जीव कावराबावरा होतो.’ माझ्या नोटमध्ये मी ते वाक्य मराठीत जसंच्या तसं लिहिलं, खाली इंग्रजीत अर्थ दिला. सुपरव्हायझरने विचारलं, ‘कावराबावरा’ म्हणजे ॲंग्झायटी का? म्हटलं, हो, पण त्यात थोडं हरवलेपण मिसळा.

स्वतःला थेरपी घ्यावी लागते का? आणि मी पूर्वी डिप्रेशनमधून गेलेय, हे अर्जात लिहू का?

बहुतेक ठिकाणी सक्ती नाही. घ्या तरी. समोरच्या खुर्चीत बसल्याशिवाय पंचेचाळिसाव्या मिनिटाला घड्याळाकडे बघणाऱ्या थेरपिस्टचा राग कसा येतो ते कळत नाही. विद्यापीठाच्या केंद्रात विद्यार्थ्यांना बऱ्याचदा मोफत किंवा कमी पैशांत सोय असते.

अर्जात लिहायचं तर दोन ओळी पुरे आणि त्यातून आज काय समजलंय ते. अख्खी कहाणी नको. प्रवेश समितीला तुमच्या दुःखाची खोली मोजायची नसते, तुम्ही दुसऱ्याचं ऐकायला मोकळे आहात का हे बघायचं असतं.

लायसन्स घेऊन भारतात परत आले तर?

अमेरिकन लायसन्स भारतात आपोआप लागू होत नाही. आपल्याकडे क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे, १९९२ च्या कायद्याखाली होते आणि त्यासाठी त्यांच्या मान्यतेचा अभ्यासक्रम लागतो. समुपदेशकांसाठी तशी कडक चौकट आजवर नव्हती. २०२१ च्या राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्यात मानसिक आरोग्याचे व्यवसाय धरले आहेत, आणि २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून यूजीसीने सायकॉलॉजीचे दूरस्थ व ऑनलाइन अभ्यासक्रम बंद करायला सांगितले. म्हणजे भारतातही चौकट घट्ट होते आहे. मुंबई-पुण्यात परत आलेल्या माझ्या दोन मैत्रिणी समुपदेशक म्हणून व्यवस्थित काम करताहेत. त्यांना उपयोग झाला तो तासांचा.

मग पुण्यात बसून अमेरिकेतल्या मराठी लोकांना ऑनलाइन थेरपी देता येईल ना?

क्लायंट सेशनच्या वेळी जिथे बसलेला असतो, तिथलं लायसन्स लागतं. न्यूयॉर्कचं लायसन्स असताना माझा क्लायंट एडिसनला बहिणीकडे गेला, तर मी त्याला ‘परत आलास की बोलू’ म्हणते. तुम्ही स्वतः परदेशात बसून काम करणार असाल तर विमा कंपनी आणि क्लिनिकचे नियम वेगळे आडवे येतात. लायसन्स नसताना ‘लाइफ कोच’ नाव लावून तेच करणारे आहेत. तो रस्ता मी सुचवणार नाही.

तासांची नोंद कशी ठेवू?

विद्यापीठ एखादं सॉफ्टवेअर देईल, ते वापराच. शिवाय स्वतःची एक एक्सेल शीट पहिल्या दिवसापासून: तारीख, जागा, प्रत्यक्ष तास, इतर तास, सुपरव्हिजन एकट्याची की गटातली, सही झाली का. क्लायंटचं नाव किंवा आद्याक्षरंही त्यात नकोत. प्रत्येक सुपरव्हायझरचा लायसन्स क्रमांक आणि तिचा वैयक्तिक ईमेल घेऊन ठेवा, ऑफिसचा ईमेल नोकरीबरोबर जातो. सही केलेले फॉर्म स्कॅन करून दोन ठिकाणी ठेवा. प्रत्येक कोर्सचा सिलॅबस पीडीएफमध्ये जपा, सहा वर्षांनी दुसऱ्या राज्यात अर्ज करताना तो मागतात आणि तोवर प्राध्यापक निवृत्त झालेले असतात. माझी शीट मी अजून भरते. आता त्यात तीन वर्षांत ३६ तासांचं सतत शिक्षण लिहायचं असतं.